शंभर पावलांनंतरची साखळी

बारा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉयमधल्या एका घाटात, माझ्या सासऱ्यांनी आमच्या गाडीच्या चाकांवरच्या बर्फसाखळ्या दुसऱ्यांदा ताणल्या. आज केलरमध्ये, म्हणजे तळघरात, साखळ्यांची पिशवी उघडली, तेव्हा ओल्या लोखंडाचा आणि रबराचा तोच वास आला.

घाटात वर पोलीस उभे होते. साखळ्या नीट नसलेल्या गाड्या ते परत पाठवत होते. मुलीचा स्कीचा पहिला वर्ग बाराला सुरू होणार होता. मी पुढच्या चाकांवर साखळ्या चढवल्या आणि निघालो.

"जावईबापू, शंभर पावलं गेलात की थांबा," बाबा म्हणाले. ते एस.टी.च्या डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. बर्फ त्यांनी आदल्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला होता.

"अहो बाबा, घट्ट आहेत. मी गाड्यांच्याच कंपनीत आहे."

"तुम्ही गाड्या बनवता. आम्ही त्या घाटातून परत आणायचो."

"आजोबा, श्नेल! लवकर!" मागून मुलगी ओरडली.

तरी शंभर पावलांवर मी थांबलो. डावी साखळी चार बोटं सैल झाली होती. बाबांनी हातमोजे काढले, दोन्ही साखळ्या ताणल्या आणि मोकळी टोकं त्यांनी भारतातून आणलेल्या लोणच्याच्या खोक्याच्या सुतळीनं बांधली. मला त्या सुतळीची लाज वाटली.

पुढच्या वळणावर एक मोठी गाडी निखळलेल्या साखळीशेजारी उभी होती. पोलिसानं वाकून आमची चाकं पाहिली, सुतळी ओढून पाहिली, "गेनाऊ," अगदी बरोबर, म्हणाला आणि आम्हाला पुढे सोडलं. बाराला दहा मिनिटं असताना आम्ही पोचलो.

कंपनीतल्या नव्या इंजिनिअरांना हे सांगताना मी बाबांचा हुद्दा आधी सांगतो.

सुतळी अजून तीच आहे.