जागा न्हाय, पावणं

आज नाताळ. ट्रंकेतून चादर काढली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मंगळवार पेठेतला तो पडदा आठवला. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. गल्लीतले ख्रिस्ती मास्तर चौकात असाच वास येणारी चादर पडदा म्हणून बांधून येशूच्या जन्माचा सिनेमा दाखवत होते. सिनेमा इंग्रजी, म्हणून मास्तर स्वतःच सगळ्यांचे संवाद मराठीत बोलत होते. तो बंद पाडायला आम्ही पाच-सहा जण गेलो होतो.

पडद्यावर धर्मशाळेचा मालक गरोदर मरियेला दारातून परतवत होता. मास्तर म्हणाले, “जागा न्हाय, पावणं!”

“अरं मुडद्या, दोन जिवाची हाय की ती!” बायका ओरडल्या.

तेवढ्यात मी सिनेमाच्या मशीनच्या वायरीला हात घातला. “हितं हे चालायचं न्हाय!”

जिच्या घरातून वीज घेतली होती, ती शेजारची आक्का उठली. “व्हय रं, तू त्या मालकाचा धाकटा भाऊ काय?”

सगळा चौक हसला. मी वायर सोडली.

पुढं कित्येक वर्षं मी सांगत फिरलो, सिनेमा आम्ही बंद पाडला. ते खोटं होतं. सिनेमा शेवटपर्यंत चालला आणि मी तो उभा राहून पाहिला. कुणाला राग येणार असेल तर खुशाल येऊ दे. बाळ जन्मलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.