चि. साहेबांस

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पण जेवढी झाली तेवढी पक्की झाली. त्यातही पत्राचा मायना. पत्राच्या डोक्यावर कुणाला काय लिहायचं, ते मास्तरांनी आमच्याकडून असं घोटून घेतलं की अजून झोपेत विचारलं तरी सांगेन. माणूस वयानं वडील असला तर ‘ती. स्व.’ आणि साष्टांग नमस्कार. बरोबरीचा असला तर ‘श्री.’ आणि नुसता नमस्कार. लहान असला तर ‘चि.’ आणि अनेक उत्तम आशीर्वाद. मायना चुकला की मास्तर खालचं पत्र वाचायचेच नाहीत. पाटी तशीच परत.

मला ते कामालाही आलं. आमचं घर तेव्हा मेंढरावालं. बाप दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचा. आई सांगायची आणि मी लिहायचो. बापाचा पत्ता म्हणजे कुठल्यातरी गावच्या दुकानदाराचा. पत्र पोचायचं की नाही ते बाप परत आल्यावरच कळायचं. तरी मायना मी कधी चुकवला नाही.

आता मेंढरं गेली. वरकुट्याच्या अलीकडं आमची वस्ती आहे, दारात ऊस आहे. थोरल्या पोराची पोरगी इंदापूरला कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होती. सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळच्या गाडीनं यायची. हातपाय धुऊन झाले की अंगणात माझ्या बाजेवर पाय वर घेऊन बसायची आणि म्हणायची, “तात्या, आज कुणाचं पत्र ऐकता?”

पत्रं कुणाची, तर अमेरिकेची. तिकडं इंग्रजाचं राज्य गेलं आणि त्यांचं स्वतःचं राज्य आलं, तेव्हाचे जे पहिले पुढारी होते, त्यांना लोकांनी धाडलेली पत्रं. हिच्या मॅडमनं वर्गाचे दोन गट केले होते. एका गटाला पुढाऱ्यांना आलेली पत्रं आणि दुसऱ्याला पुढाऱ्यांनी दिलेली उत्तरं. त्यातली काही मराठीत करून आणायची. ही पडली आलेल्या पत्रांच्या गटात. मराठी जमलं का नाही, ते ती माझ्यावर तपासून बघायची. मला कळलं तर जमलं.

मला वाटलं होतं मोठ्या माणसांची पत्रं म्हणजे लढाई, राज्य, असलं काहीतरी असेल. तर तसं नाही. एकाला आपल्या भाच्याला बंदरावर नोकरी लावून हवी होती. एक बाई, नवरा लढाईत गेलेली, माझ्याकडं बघा म्हणत होती. एक व्यापारी पिठाच्या पिंपांबद्दल लिहीत होता की माल ओला आला. मी म्हणालो, “अगं, हे तर आपल्या आमदारसाहेबाच्या दारातलंच झालं की समदं.”

“तेच की. नुसतं धोतर न्हाय नेसलेले,” ती म्हणाली.

मग एक दिवस मेंढ्याचं पत्र निघालं. त्या पुढाऱ्याकडं परदेशातून आणलेल्या जातवान मेंढ्या होत्या, मऊ लोकरीच्या. कुठल्यातरी आडगावच्या शेतकऱ्यानं लिहिलं होतं की माझ्या मेंढ्या गावरान आहेत, लोकर राठ आहे, तुमच्याकडचा एक नर मिळाला तर माझा कळप सुधारेल. न्यायला मी स्वतः येतो. वाट लांब आहे, पण मेंढा चालवत नेणार नाही, गाडीत घालून नेईन, असं त्यानं लिहिलं होतं.

मी बाजेवर उठून बसलो. चालवत नेणार नाही म्हणतो म्हणजे माणूस मेंढरातला होता. लांब चालवलेला नर पुढं महिनाभर कामाचा राहत नाही, हे पुस्तकवाल्याला सुचायचं नाही.

“मग? दिला का मेंढा?” मी विचारलं.

“ते माझ्यात न्हाय, तात्या. उत्तरं दुसऱ्या गटाकडं.”

“त्यास्नी इचार की.”

“त्यांचं अजून व्हायचंय. झालं की सांगते.”

“खाली सही काय केलीय बाबानं?”

ती वाचायला लागली आणि तिलाच हसू आलं. “आपला अत्यंत आज्ञाधारक, अत्यंत नम्र सेवक.”

“मेंढ्यापायी?”

“समदेच तसं लिहायचे, तात्या. रीत होती ती. पुढारीसुदिक एकमेकांना तसंच लिहायचे.”

“लिहू दे. नुकतंच राज्य मिळालं होतं, जुनी सवय गेली नसंल,” मी म्हणालो. मी जन्मात कुणाला आज्ञाधारक लिहिलेलं नाही. कारखान्याला उसाच्या नोंदीचा अर्ज दिला तेव्हाही ‘आपला’ लिहिलं आणि खाली नाव. बास.

पावसाळा सरता सरता संध्याकाळची गाडी बंद झाली. पहिल्या दिवशी वाटलं, गाडी बिघडली असेल. मग कळलं, आमच्या वाटेला प्रवासी नाहीत म्हणून फेरी काढली. आता प्रवासी कुठून असणार? पोरांकडं मोटारसायकली आल्या. गाडीनं येणाऱ्या तिघी पोरी होत्या, त्यातल्या दोघी लग्न होऊन गेल्या. उरली आमची एकटी.

चार दिवस ती हायवेच्या गाडीनं फाट्यावर उतरायची आणि तिचा बाप तिथं मोटारसायकल घेऊन जायचा. पाचव्या दिवशी शेतात पाण्याची पाळी होती. ही फाट्यावर अंधार पडेपर्यंत उभी राहिली. ती घरी आली तेव्हा माझा पोरगा ओट्यावर बसला होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडलो असतो.

“दिवाळीपत्तूर बघू,” तो म्हणाला. “गाडी चालू झाली तर जाऊ दे. न्हायतर परीक्षा बाहेरनं द्यायची.”

“स्कूटी घेऊन द्या मग,” ती म्हणाली.

“उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की त्या रस्त्यानं मी जायला भितो. तू जाणार?”

“बाहेरनं म्हंजे बंदच की, दादा,” ती बापाला म्हणाली.

बाहेरून परीक्षा म्हणजे काय, ते आमच्या वस्तीवर सगळ्यांना माहीत आहे. माळेगावकडचं एक स्थळ आधीच सांगून आलं होतं. पोरगा साखर कारखान्यात कायम झालेला. वाईट स्थळ नव्हतं, हीच पंचाईत होती.

मी म्हणालो, “मी साहेबाला पत्र लिहितो.”

आमच्या भागातले हे साहेब म्हणजे थोरल्या साहेबांचा पोरगा. थोरले साहेब गेले. त्यांना मी दोनदा पत्र लिहिलं होतं, एकदा वस्तीच्या विजेसाठी आणि एकदा ते आजारी होते तेव्हा. दोन्हींना त्यांनी हातानं उत्तर दिलं होतं. ते माझ्याहून वडील होते, म्हणून ‘ती. स्व.’ लिहिलं होतं. हा पोरगा मी चड्डीत बघितलेला. बापाच्या जीपमध्ये मागं बसून ऊस खायचा आणि चोयट्या लोकांच्या अंगावर टाकायचा.

मी वहीचा कागद घेतला आणि वर लिहिलं, ‘चि. साहेब यांस, अनेक उत्तम आशीर्वाद.’

पोरीनं मागून बघितलं. “अगं बाई! तात्या, चि. काय? ‘मा.’ लिहितात. माननीय.”

“माननीय त्याचा बाप व्हता. ह्यो तुझ्या बापापेक्षा धाकटा हाय.”

“पण साहेब हायत ते.”

“म्हणून साहेब लिहिलंय की म्होरं.”

“लोक हसतील, तात्या. द्या, मी टाइप करून आणते.”

“हायवेला त्याचा ह्यो मोठा बोर्ड लावलाय वाढदिवसाचा. काय लिहिलंय त्यावर? आपले आशीर्वाद असू द्या. मग? मागितला म्हणून दिला.”

आत मी सगळं नीट लिहिलं होतं. संध्याकाळची गाडी, पोरगी, फाटा, अंधार. एक पोरगी असली तरी ती प्रवासीच आहे, हेही लिहिलं. खाली ‘आपला’ आणि नाव. मेंढा मागणाऱ्या त्या माणसानं एवढी लांबची वाट सांगितली होती, म्हणून मीही आमची वाट सांगितली. फाट्यापासून वस्तीपर्यंत कुठं ओढा, कुठं ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर येतो, ते सगळं. पत्र पोस्टानं टाकलं. अशी पत्रं पोस्टानंच जावीत असं मला वाटतं.

उत्तर लवकर आलं. एवढ्या लवकर की मी पोस्टमनला चहा पाजला. पाकीट जाड होतं. पोरीनं फोडलं. आत गुळगुळीत कार्ड, त्यावर साहेबांचा हात जोडलेला फोटो. तिनं वाचलं, “माझ्या वाढदिवसानिमित्त आपण दिलेल्या शुभाशीर्वादांबद्दल मी आपला ऋणी आहे.”

“म्होरं वाच.”

“म्होरं काय न्हाय, तात्या. सही पण छापलेली हाय.”

तिनं कार्ड माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली. हसली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी साहेबांच्या हापिसात गेलो. बाहेर चपलांचा ढीग. आत एक पोरगा कॉम्प्युटरपुढं बसलेला, पोरगा सभ्य होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी कार्ड पुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं.

त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “आबा, तुमच्या पत्राची नोंद हाय. शुभेच्छा म्हणून हाय.”

“शुभेच्छा न्हाय रे. गाडीचं पत्र हाय ते.”

“वर आशीर्वाद लिहिला असंल तुमी?”

“मायना हाय त्यो! खालचं वाचलं का कुणी?”

“आबा, वाढदिवसाची पोती आली पत्रांची. वर चि. अन् आशीर्वाद दिसला की ते घरचं, नायतर शुभेच्छांचं. वर मा. असलं की कामाचं. आमी तसंच लावतो.”

“आता काढ की ते.”

“आता कुठनं काढू? पोती गोडाऊनला गेली.”

मला राग यावा असं त्या पोरात काहीच नव्हतं. मास्तर मायना चुकला की खालचं वाचत नव्हते आणि मायना बरोबर असला की वाचायचे. इथं मायना बरोबर होता म्हणून वाचलं नाही. हे सांगायचं कुणाला?

त्यानं कोरा कागद पुढं केला. “दुसरं लिवा, आबा. मी सोता पुढं पाठवतो.”

मी पेन घेतलं. माझ्या मागं माणसं उभी होती. एक जण म्हणाला, “आबा, उरका जरा, आमचं बी काम हाय.” मी वर ‘मा.’ लिहिलं. माननीय पुरतं लिहायचं का, म्हणून विचारलं. पोरगा म्हणाला, “मा. चालतंय.” मग गाडीचं लिहिलं. वाटेचं लिहायला जागा नव्हती. खाली ‘आपला’ लिहून थांबलो. पोरीचे फाट्यावर उभे राहिलेले पाय डोळ्यांपुढं आले आणि जन्मात न लिहिलेला पुढचा शब्दही लिहून टाकला. लिहिताना ‘ज्ञा’ मोठा झाला.

पोरानं कागदाचा मोबाइलवर फोटो काढला, कुणाला तरी पाठवला आणि म्हणाला, “झालं काम, आबा.”

घरी पोरीनं विचारलं, “मायना काय लिहिला?”

“तुला पायजे व्हता त्यो,” म्हणालो.

रोज संध्याकाळी मी वस्तीच्या तोंडाशी जाऊन बसायचो. उसाच्या ट्रॉल्या जायच्या, बैलगाड्या जायच्या. एकदा लांबून लाल रंग दिसला म्हणून उठलो, तर ट्रॅक्टर होता. हापिसात फोन लावला तर तो पोरगा म्हणायचा, “वर पाठवलंय, आबा.” वर म्हणजे कुठं, ते त्यालाही माहीत नसावं. दिवाळी झाली. माळेगावचे लोक येऊन चहा घेऊन गेले.

कॉलेज उघडलं तेव्हा पोरीनं त्या पत्रांचा गठ्ठा बांधला. म्हणाली, “तात्या, बाजाराला जाताय तर हे मॅडमना द्या. माझी झाल्यात समदी.”

मी इंदापूरला गेलो. मॅडम पोरीच्याच वयाच्या वाटल्या. गठ्ठा चाळून म्हणाल्या, “किती छान केलंय हो तिनं. ती का येत नाही?”

“गाडी न्हाय, बाई.”

“अहो, मग कुणाला तरी पत्र लिहा ना. लोकप्रतिनिधी असतात.”

मी मान हलवली. मग विचारलं, “त्या मेंढ्यावाल्याचं काय झालं? मेंढा दिला का त्याला?”

त्यांना आधी कळलं नाही. कळल्यावर हसल्या. “ते उत्तरांच्या गटाकडं आहे, आजोबा. त्यांनी अजून काही दिलंच नाही. बहुतेक सगळ्यांची उत्तरं मिळतही नाहीत. तिला सांगा, पुढच्या आठवड्यात आली तर कळेल.”

संध्याकाळची गाडी नव्हती, म्हणून बाजार अर्धवट टाकून दुपारच्याच गाडीनं फाट्यावर उतरलो आणि चालत घरी आलो. पोरगी अंगणात ज्वारी पाखडत होती. सुपावरची नजर न काढता तिनं विचारलं, “इचारलंत का? मेंढ्याचं?”

“दिला,” मी म्हणालो.

“व्हय?” तिनं सूप थांबवलं. “मॅडम म्हणाल्या?”

“व्हय. गाडीत घालून नेला त्यानं. चालवला न्हाय.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पुन्हा पाखडायला लागली.

“मग बरं झालं,” म्हणाली.