बैलाच्या नावावरची लाथ

दादाच्या उजव्या बरगडीखाली नारळाएवढा गोळा आला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी दाबून पाहिला. म्हणाले, "कॅन्सर असावा. पण सांगलीला नेऊन पोट उघडा, तेव्हाच नक्की कळेल." मी त्याला गावी परत आणलं. कॅन्सरला चाकू लागला की तो पसरतो, असं आमच्याकडं शेंबडं पोरही सांगायचं. आणि मी तर मॅट्रिक झालेला.

दादा ऐकेना. गोठ्यात त्यानं माझी गचांडी धरली. "मला मरायचं न्हाई रं. सांगलीला ने, न्हाईतर सर बाजूला, चालत जातो."

"कापून घेऊन मरायचं हाय व्हय?"

"मग तुझ्यासंगं कुजून मरू? भित्र्या!"

त्यानं थोबाडीत मारली. मी लाथ घातली. नेमकी गोळ्यावर.

आधी तो नुसता वाकला. मग अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. जीप मिळवली. विट्यातून जाताना तो माझा हात ओरबाडत होता. सांगलीत लगेच टेबलावर घेतलं. तो टेबलावरच गेला.

सर्जननं मला भांडं दाखवलं. त्यात पांढुरक्या पिशव्या, सोललेल्या द्राक्षांसारख्या. एक मोठी, फाटलेली.

"कॅन्सर नव्हता. जंतांची गाठ आहे ही, कुत्र्याच्या घाणीतून जंतांची अंडी पोटात जातात. मेंढराचं काळीज कुत्र्यांना घालता?"

घालत होतो. जत्रेला पाण्याच्या फोडांचं काळीज निघालं की मीच कुत्र्यापुढं फेकायचो.

"ती फुटली आणि आतलं पाणी अंगात भिनलं. अलगद काढली असती तर बहुतेक वाचला असता. पोटाला मार कशाचा लागला?"

"बैलानं लाथ मारली," मी म्हणालो.

गावात तेच सांगितलं. कॅन्सर नव्हता, एवढं मात्र कुणाला सांगितलं नाही. वडील आणि वहिनी, दोघंही कॅन्सरही खरा मानत होती आणि बैलाची लाथही.

राख सावडून आलो त्या दिवशी वडिलांनी कुऱ्हाडीचा दांडा उचलला. दादानं वासरापासून वाढवलेला बैल. पहिल्या फटक्यात त्याचा डोळा फुटला. वहिनी मधे धावली.

"आवं मामंजी, नगा मारू मुक्या जनावराला! कॅन्सर हुता त्यास्नी. आज न्हाई उद्या जानारच हुतं!"

तिला बाजूला ढकलून वडील माझ्यावर ओरडले, "बघत काय हुबा ऱ्हायलास? कासरा धर, हालतंय ते."

मी धरला. आवळून धरला.