थायलंडची माळ, माह्या ओट्यावरची

मूल गावापासून वडशापर्यंत माह्यासारखी मण्यायची माळ ओवणारा माणूस तुमाले सापडणार नाई. हे मी सोताच सांगून राह्यलो, काऊन का दुसऱ्या कोणी आजवर सांगितलं नाई.

शाळेत माहं नाव तेवढं टाकलं होतं, मी काई जास्त दिवस बसलो नाई. पण हात चालते. धान कापून झालं का आमच्याइकडे गावोगाव मंडई भरते, नाटकं होते, पाहुणे येतेत अन् बाया नटतेत. तथी मी गोणपाट हातरून माळा घेऊन बसतो. बाई येते, माळ उचलते, इचारते, "कुठची हाये?"

मी खरं सांगतो, "घरचीच हाये बाई. ओट्यावर बसून ओवली."

बाई अशी झटकन खाली ठेवते, जसा काई चुलीवरच्या गरम गंजाले हात लागला.

आता मणी काई आमच्या धानात उगवत नाई. नागपूरहून पाकीट येते. त्याच्यावर चिनी लिवलं हाये म्हणते, ते मास्तरालेबी वाचता येत नाई. म्हणजे माल बाहेरचाच. तोंड तेवढं गावचं, म्हून कोणी घेत नाई.

माह्या बाजूले एक नागपूरवाला दुकान लावते. टेबल, मखमल, आरसा, इस्तरीचा शर्ट. नाटकातली हिरोईनबी झुमके त्याच्याचकडून घेते. मी तिच्याकडे पाहासाठी मान लांब करो तं त्याच्या आरशात माहंच तोंड दिसे. मंग जीव अजूनच जळे.

एक दिवस तोच आला. "भाऊ, सारा माल मले देऊन टाका. तुमाले ओझं वागवा लागणार नाई."

मी देल्ला. मनात म्हटलं, फसवलं बेट्याले.

मंग मंडई आमच्याच गावात भरली. पाहतो तं माह्या माळा मखमलीवर झोपल्या होत्या, अन् हरेकीच्या गळ्यात चिठ्ठी. मी एक एक अक्षर जोडत वाचलं. थायलंड! बाया तं तुटून पडल्या होत्या. मले राहवलं नाई. एका बाईले म्हटलं, "बाई, हे माळ मीच ओवली."

तिनं माह्याकडे खालपासून वरपर्यंत पाह्यलं. "असं? थायलंडले कवा गेल्ते, भाऊ?"

साऱ्या बाया हासल्या. नागपूरवालाबी हासला. सवयीनं मीबी हासलो.

हे सारं चाललं असतं. पण लग्नापासून माही एकच हाव होती, का मंडईत घरवालीनं माह्या हातची माळ घालून फिरावं. एक माळ मी तिले देल्ली होती. इचारलं का म्हणे, "पेटीत हाये, जपून ठेवली." मीबी येडा, जपून ठेवली एवढंच आयकून खुश राहो, पुढचं काई आयको नाई.

त्या दिशी दुपारी जेवाले घरी आलो तं घरवाली आरशापुढं उभी. गळ्यात हिरवी माळ. कवाडात शेजारीण.

"कुठची वं?" शेजारीण म्हणे.

"थायलंडची," आमची बाई म्हणे, अन् मान अशी फिरवली का हिरोईन झक मारन.

मी जवळ जाऊन पाह्यलं. हिरव्यात मधीच एक निळा मणी. हिरवे सरले होते म्हून मीच टाकला होता तो. माही माळ माह्याच घरात आली, अन् तारीफ चालली थायलंडची! आपल्याच हातच्या माळीवर जळणारा माणूस मी पह्यलाच असन. शेजारीण जाईपर्यंतबी मले दम निघाला नाई.

"अवं, हे माह्या हातची हाये! त्या नागपूरवाल्याले मीच इकली. हा निळा मणी पाह्य!"

"असन," ती म्हणे. आरशातून नजर काई हालवली नाई.

"असन काय? मी देल्ली तं पेटीत टाकली, अन् त्यानं देल्ली तं गळ्यात घातली? त्या चिठ्ठीवर भुलली का?"

तवा कुठी ती माह्याकडे वळली.

"चिठ्ठी तं मी चुलीत टाकली. तुमच्या माळीचा मागचा तारेचा आकडा मानेले टोचते अन् केस धरून वढते, दरसाल सांगून राह्यली. त्या माणसाले काई सांगा नाई लागलं, त्यानं आकडा बदलला. सरका आता, उजेड अडून राह्यला."