त्राटिकेची चाल कोणी बांधली

आमच्या विभागाचं नाव पाटीवर मावत नव्हतं. ‘लोकप्रिय संस्कृती अभ्यास’ इथपर्यंत रंगाऱ्याने झोकात लिहिलं आणि ‘विभाग’ हा शब्द त्याला खाली, बारीक अक्षरात कोंबावा लागला. गंगापूर रोडवरच्या एका भाड्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. शेजारी अर्थशास्त्रवाले. त्यांच्यातल्या एका प्राध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात दारातून डोकावून विचारलं, “काय सर, आज कुठला खेळ? बाल्कनीचं तिकीट मिळेल का?”

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सिनेमाच्या जाहिराती, नामपूर-सटाण्याकडून आलेल्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी, रिक्षांच्या मागे रंगवलेल्या ओळी, लग्नाचा बँड कुठल्या चौकात काय वाजवतो याच्या नोंदी, हे सगळं आम्ही गोळा करत असू. मी मूळचा लोकसाहित्याचा. ओव्या, जुनी गाणी, त्यांचे पाठभेद यांत माझी उमेदीची वर्षं गेलेली. हा विभाग दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून माझ्याकडे आला. नातेवाइकांनी विचारलं तर मी नुसतं “संस्कृतीचा अभ्यास” म्हणायचो. ‘लोकप्रिय’ हा शब्द गिळून टाकायचो.

आज मात्र त्या दोन खोल्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय दुसरं काही येत नाही. माझे विद्यार्थी कांद्याच्या बाजारातून, एसटीच्या डेपोतून, डोंगरातल्या पाड्यांवरून यायचे. घरी रोज कानावर पडतं ते अभ्यासाचंही असू शकतं, हे कळल्यावर त्यांचे चेहरे उजळायचे. ते बघत मी पंधरा-सोळा वर्षं काढली. पण ही वर्षं मला कुणामुळे मिळाली, ते मी खोटं सांगितलं होतं. ते दुरुस्त करण्यासाठी हे लिहितो आहे. इथे कुणाचंच नाव घालत नाही. ज्यांची घालायला हवीत ती विद्यापीठाला दिलेल्या दुरुस्तीपत्रात आहेत.

दोन-तीन वर्षांत वरून निरोप आला. विभाग चालू ठेवायचा की मराठीत विलीन करायचा, हे ठरवायला समिती येणार होती. “काहीतरी ठोस दाखवा,” असं मला खासगीत सांगण्यात आलं. रिक्षांवरच्या ओळींची वही ठोस नव्हती, हे मला न सांगताही समजलं.

होळीनंतर आमच्या पश्चिमेच्या डोंगराळ गावांत बोहाडा होतो. मोठमोठे मुखवटे चढवून गावातलीच माणसं देवादानवांची सोंगं नाचवतात. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, आणि ती वाजते पिपाणी आणि संबळ यांवर. हरसूलच्या पुढच्या एका गावचा बोहाडा मी टेप करायला गेलो. त्राटिकेचं सोंग आलं आणि पिपाणीवाल्याने त्या वर्षी गाजत असलेल्या एका हिंदी सिनेमातल्या गाण्याची चाल धरली. गाव नुसतं उसळलं. त्राटिका मुखवट्यासकट गिरक्या घेत होती, म्हाताऱ्या बायका टाळ्या पिटत होत्या.

माझ्या विभागाने ज्यासाठी जन्म घेतला होता ते नेमकं माझ्यासमोर नाचत होतं, आणि मी टेप बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिपाणीवाल्याला शाळेच्या ओट्यावर बोलावलं. माझ्याच वयाचा, काटक, सावकाश बोलणारा शेतकरी माणूस. पावसाळ्यात भात आणि नागली, उन्हाळ्यात लग्नाच्या बँडबरोबर. सोबत संबळवाला, त्याचा मेहुणा. मी म्हणालो, “दादा, ते सिनेमाचं नको. त्राटिकेची मूळ चाल वाजवा. जुनी.”

तो विचारात पडला. “जुनी म्हंजे कोणती, मास्तर?”

“तुमच्या आज्याच्या वेळची.”

“आजानं पिपाणी कधी तोंडाला लावली नाय. ढोल वाजवायचा. त्राटिकेला कोण काय वाजवायचं, ठावं नाय.”

मेहुणा म्हणाला, “वाजव की रं. मास्तरांना जुनं पायजे. आपल्याकं जुनी येक माझी संबळच हाय, तीबी फाटलेली.”

मी हसलो नाही. मला पुन्हा यायला सवड नव्हती आणि समिती पंधरवड्यावर आली होती. “आठवून बघा,” मी म्हणालो. “आठवेल.”

तो ओट्याच्या कडेला जाऊन बसला. पिपाणीची पत्ती काढून जिभेवर धरली, पुन्हा बसवली. दोन सूर लावले, सोडले. अर्धा तास तरी गेला असेल. शाळेतल्या मुलांना गप्प बसवण्यासाठी गुरुजींनी त्यांना बाहेरच आणून बसवलं होतं. मग त्याने जे वाजवलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. खाली खर्जात घोळणारी, मधेच धडकन वर जाणारी आणि शेवटी थकल्यासारखी बसणारी चाल. मेहुण्याचा हात संबळीवर पहिल्या खेपेला चुकला, दुसऱ्या खेपेला बसला. तो चुकला याचा अर्थ मला तेव्हाच समजला होता. त्यानेही ती चाल कधी ऐकलेली नव्हती.

मी ती चाल टेप केली आणि वेष्टनावर लिहिलं: ‘त्राटिका. मूळ चाल. परंपरागत.’

समितीला ती टेप ऐकवली. अध्यक्षांनी डोळे मिटले. विभाग राहिला. पुढे मी बोहाड्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात या चालीवर एक आख्खं प्रकरण घातलं. कित्येक शतकांची स्मृती, मौखिक परंपरेची चिवट शक्ती, असलं सगळं. पिपाणीवाल्याचा उल्लेख ‘एक स्थानिक वादक’ असा केला.

सात-आठ वर्षांनी त्याच गावातली एक मुलगी आमच्याकडे एम.ए.ला आली. कमी बोलणारी, वहीत नीटनेटकं उतरवणारी. वर्गात मी ती टेप लावली आणि माझं नेहमीचं व्याख्यान दिलं. तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

“सर, ही माझ्या बाबांची चाल आहे.”

“हो का? म्हणजे ते तुझे वडील? वा! फार जपलीय त्यांनी.”

“जपली नाही सर, बांधली. तुम्ही मागितली तेव्हा. मी सातवीत होते. आम्हाला बाहेर आणून बसवलं होतं ना, मी पुढेच होते.”

मी म्हणालो, “लहानपणी असं वाटतं.”

तिने वाद घातला नाही. पण तिच्या प्रबंधिकेत याच चालीवर एक प्रकरण आलं. शाळेच्या ओट्यावर बांधलेली चाल पुढच्या बोहाड्यात त्राटिकेला लागली, तिथून हरसूलच्या बँडवाल्यांनी उचलली, पेठच्या बाजूला वरातीत गेली, पोरींनी तिच्यावर नवऱ्यामुलाची टिंगल करणारे शब्द रचले. कोणी कुठून ऐकली, कोणी काय बदललं, सगळं तिने माणसांना भेटून लिहिलं होतं. आमच्या विभागात झालेलं ते सर्वांत चांगलं काम होतं. मी ते वगळायला लावलं.

“पुरावा काय याला?” मी विचारलं.

“बाबा आहेत. मामा आहे. मी आहे.”

“घरच्या माणसांचं सांगणं म्हणजे पुरावा नव्हे.”

तिने वही मिटली. “ठीक आहे सर,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते प्रकरण नसलेली प्रबंधिका तिने आणून दिली. मी तिला भरपूर गुण दिले. माझ्याकडच्या पहिल्या प्रतीतली ती पानं मात्र तिला परत दिली नाहीत, आणि फाडलीही नाहीत.

यानंतर दोनेक वर्षांनी नाशिकला जिल्ह्यातल्या लोककलांचा मेळावा झाला. मी प्रमुख पाहुणा. पिपाणीवाला आपल्या चमूसह आला होता, केस पांढरे झालेले. त्राटिका वाजवताना त्याने मधे सुरांची एक नवी फिरत घेतली. नाचणारी पोरं आता तरुण होती, त्यांना वेग हवा होता. फार सुंदर फिरत होती ती. परीक्षक संगीतशिक्षक होते आणि माझं पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडं होतं.

“दादा,” ते माइकवरून म्हणाले, “मूळ चालीत तुम्ही भर घातलीत. हे बरोबर नाही. ही चाल किती जुनी आहे, कल्पना आहे का तुम्हाला?”

त्याने पिपाणी खाली घेतली. एकदाच माझ्याकडे बघितलं.

“लय जुनी, सायब,” तो म्हणाला. “माझी पोर सातवीत व्हती तव्हाची.”

सभागृह हसलं. परीक्षक हसले. मीही हसलो. एका वाक्यात सगळं मिटलं असतं, माइक माझ्या हाताच्या अंतरावर होता. त्यांच्या चमूला क्रमांक मिळाला नाही. निकालाच्या कागदावर शेरा होता: मूळ परंपरेत बदल.

बाहेर चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, “मास्तर, औंदा बोहाड्याला या. मला माझी चाल शिकवून जावा.”

मेहुणा म्हणाला, “मीबी शिकवणी लावतो. तव्हाच माझा हात चुकला व्हता.”

दोघं मनापासून हसले आणि माझा चहा त्यांनीच आणून दिला. मुलगी तोवर आश्रमशाळेत शिक्षिका झाली होती. ती टेम्पोपाशी उभी होती. टपरीकडे ती आली नाही.

पुढे विभाग मराठीत विलीन झाला, मी निवृत्त झालो. पुस्तकाचे दाखले मात्र लोक देत राहिले. गेल्या वर्षी त्या मुलीच्याच शाळेत वाटलेल्या एका माहितीपत्रकात ती चाल ‘शतकानुशतकांची’ म्हणून छापून आली. तिने ते मला पोस्टाने पाठवलं. सोबत चिठ्ठी नव्हती.

मी दुरुस्तीपत्राचा मसुदा केला आणि मुलाला गाडी काढायला सांगून त्यांच्या गावी गेलो. तिच्या प्रकरणाची ती पानंही बरोबर घेतली. तिने आधी पानं बघितली, सगळी आहेत का ते मोजलं, मग मसुदा वाचला. ‘माझ्याकडून नकळत झालेल्या चुकीमुळे’ या ओळीवर थांबली.

“सर, नकळत?”

मी तो शब्द तिच्यासमोर खोडला.

“बाबा लगेच सोडून देतील,” ती म्हणाली. “ते तसेच आहेत. मला मात्र हे प्रकरण छापून हवंय. माझ्या नावाने. दुरुस्तीच्या सोबत.”

“होईल,” मी म्हणालो, आणि ते केलं आहे.

पिपाणीवाला घराच्या ओट्यावर बसला होता. दात गेल्यामुळे आता पिपाणी धरवत नाही. मुलीने त्याला सगळा मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. चाल त्याने बांधली, कुठे बांधली, कधी बांधली. ऐकताना तो मान डोलवत होता. मी खाली बघत बसलो होतो.

“बरं लिवलंय,” तो शेवटी म्हणाला. “पर येक राह्यलं. म्या बांधली, ते खरं. पर कोणी मागितली, ते कुठं हाय? तवर कोणी मला सांगितलं नव्हतं की तुझं वाजव. समदे म्हणायचे, पिक्चरचं वाजव. तुमी म्हणला नसता, तर कुठली चाल न् काय.”

“दादा, मी तुमचं नव्हतं मागितलं. मी जुनं मागितलं होतं.”

“आसंल,” तो म्हणाला. “म्या माझं दिलं. लिवा तेबी.”

मुलीने नाक मुरडलं, पण पेन माझ्यापुढे सरकवलं. दुरुस्तीपत्रातली शेवटची ओळ ही त्याने सांगितलेली आहे.