हॅव सर

आमच्या इंग्रजीच्या सरांना वर्गात ‘ईट’ म्हटलेलं खपत नसे. “ईट गुरं करतात! आणि ड्रिंक करतात ते दारुडे! माणसं हॅव करतात,” म्हणून टेबलावर डस्टर आपटायचे. चहा हॅव, पेज हॅव, फक्त औषध तेवढं टेक. गोवा मुक्त झाल्यावर सावंतवाडीकडून जे मास्तर आले, त्यांतलेच हे एक. कोरगावात त्यांचं नावच पडलं हॅव सर.

रोज हजेरी झाली की प्रत्येकाने उभं राहून सकाळी काय खाल्लं-प्यायलं ते इंग्रजीत सांगायचं. कोणी पेज सांगे, कोणी चहा आणि उंडो पाव. माझी पाळी जवळ आली की मी मनात वाक्य जुळवू लागायची. बाबा डिचोलीच्या खाणीवर गेले ते तिकडचेच झाले होते. आई दुसऱ्यांच्या काजूच्या बागांत राबायची आणि आमची चूल पेटायची ती संध्याकाळीच. हे वर्गासमोर सांगू? मेले तरी सांगितलं नसतं! मी ठोकून द्यायची, “आय हॅड ॲन ऑम्लेट.” ऑम्लेटचा पेडण्याच्या बाजारात वास तेवढा घेतला होता. सर मात्र खूश.

“शाब्बास गो! क्रियापद बरोबर. बस.”

एकदा उभ्या उभ्या अंधारी आली आणि मी बाकावर कोसळले. सरांनी धावत येऊन तोंडावर पाणी मारलं. वहीने वारा घालत राहिले बिचारे. “पित्त झालंय गो तुला. रोज ऑम्लेट कशाला खातेस? औषध घे हो.” आणि लगेच वर्गाकडे वळून, “औषध काय करायचं?”

“टेक!” पोरं ओरडली.

असा संताप आला मला! एवढा मायेचा माणूस, आणि माझं तोंड बघून त्याला कळू नये?

त्याच इंग्रजीवर मी हरमलला हॉटेलात लागले, आज स्वतःच्या खोल्या भाड्याने देते. गोऱ्या पाहुण्यांना “व्हॉट विल यू हॅव?” विचारते तेव्हा सरच बोलतात माझ्या तोंडून. उपकार आहेतच. राग मात्र काही केल्या जात नाही.

सरांनी अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेले. त्यांनी ओळखलं, उशाशी बसवलं आणि पहिला प्रश्न तोच, “व्हॉट डिड यू हॅव धिस मॉर्निंग?”

म्हटलं, आता तरी सांगू. “सर, शाळेत असताना सकाळचं कायच खायत नव्हते मी. ऑम्लेट-बिम्लेट सगळं खोटं.”

“इंग्रजीत सांग. पूर्ण वाक्यात.”

“आय हॅड नथिंग, सर.”

सरांचा चेहरा फुलला. “शाब्बास गो! क्रियापद बरोबर. बस.”

मी बसलेलीच होते.