डाव्या हाताची सुरी

शेजारच्या खोलीतल्या रोझीमावशी नसत्या तर ती सुरी मी भंगारात टाकली असती. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली, पण सरळ चिरायचीच नाही. मावशी पूर्वी एका जपानी कुटुंबाकडे स्वयंपाक करायच्या. त्यांनी पातं उजेडात धरलं. एक बाजू सपाट, उतार फक्त डावीकडे. "अरे, ही जपानी सुरी मुद्दाम डावखुऱ्यासाठी घडवलीय. तुझीच आहे ही."

आठवीतून शाळा सोडून गावापासून इतक्या लांब आलो, तेव्हापासून हॉटेलातले वस्ताद माझ्या डाव्या हातावर पळी मारतात. "अन्नाला हा हात लावायचा नाही." नोकरीच्या धास्तीनं मी उजव्यानं वेडंवाकडं चिरत राहिलो. आणि तिकडे समुद्रापलीकडे कुणी लोहार माझ्यासारख्या हातासाठी पोलाद ठोकत होता.

काल वस्तादांनीच ती सुरी उचलली. काकडीच्या चकत्या तिरक्या पडल्या. सगळे बघत होते.

"बोथट आहे," ते म्हणाले.

मी ती डाव्या हातात घेऊन कागदासारख्या चकत्या पाडल्या. मग म्हणालो, "हात बदलून बघा, वस्ताद."

त्यांचं उतरलेलं तोंड मी मनातल्या मनात मिटक्या मारत पाहिलं. पळी खुंटीवरच राहिली.

मावशी, एक दिवस तुम्हाला पाटावर बसवून याच हातानं वाढीन.